पाउलाचा तोल आणि रोगाचा आंकडा

नाशकास रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूस तेथील तीर्थोपाध्याय पहिल्यानें जे प्रश्न विचारतात ते वाचकांच्या परिचयाचे असतील. गांव कोणतें, आडनांव काय, वडिलांचें व आजोबांचें नांव काय, एवढें कळलें कीं जुनी लांबट वही सोडली जाते, आणि दोन-तीन पिढ्यांपूर्वीं आपला कोणी पूर्वज येथें येऊन गेल्याची नोंद पुढें येते. यात्रेकरू तिच्याखालीं आपल्या मुलानातवंडांचीं नांवें घालतो व वही पुन्हां बांधून ठेवली जाते. माणूस कोण, कोणाचा आणि कोठला या तीन प्रश्नांवर हजारों कुळें लावून ठेवण्याची ही रीत आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिच्यामागें कांहीं विचार आहे हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं.

रोगांचीहि अशीच एक वही आहे. तिला रोगांचें आंतरराष्ट्रीय वर्गीकरण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना ती राखते. तिच्यांत प्रत्येक रोगास अक्षर व आंकडे मिळून एक खूण दिलेली असते, आणि मृत्यूचे दाखले, रुग्णालयांचीं दप्तरें व सरकारी कोष्टकें याच खुणांनीं लाविलीं जातात. आमचा व्यवसाय अध्यापनाचा. वैद्यकाशीं आमचा संबंध रोग्याच्या किंवा रोग्याच्या शेजाऱ्याच्या नात्यानें येतो तेवढाच. तरीहि या वहीकडे आमचें लक्ष वळलें, त्यास एक विद्यार्थी कारण झाला.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक हुशार तरुण होता. त्याची चाल हळूहळू बिघडत गेली. पाउलें फांकवून चालावें, वळतांना भिंतीचा आधार घ्यावा, अक्षर वेडेंवांकडें व्हावें, बोलणें जड व तुटक व्हावें, अशी त्याची अवस्था झाली. दारावरच्या पहारेकऱ्यानें एकदां त्यास दारू प्यालेला समजून अडविलें. आणि लाज वाटते तरी सांगितलें पाहिजे कीं पहिल्या दिवशीं आमच्याहि मनांत तीच शंका येऊन गेली होती. पुढें त्यानें रुग्णालयांतून जो कागद आणिला त्यावर ‘आर-२७’ अशी खूण होती. सुमारें दोन वर्षांनीं त्यानें दुसरा कागद दाखविला; त्यावर ‘जी-११’ अशी खूण होती. रोगी तोच, चाल तीच. मग आंकडा कां बदलला? या साध्या प्रश्नाचा माग काढतां काढतां जो इतिहास आमच्या हातीं लागला तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

त्या तरुणाच्या विकारास इंग्रजी वैद्यक ‘अटॅक्सिया’ म्हणतें. शब्द मूळचा ग्रीक. क्रम नसणें, अव्यवस्था, हा त्याचा अर्थ. अशा रोग्याच्या स्नायूंत बळ बहुधा असतें, पण त्या बळाचें मोजमाप बिघडलेलें असतें. पाण्याचा पेला उचलावयास गेलेला हात पेल्याच्या पुढें जातो किंवा अलीकडेच थांबतो. हें मोजमाप संभाळण्याचें काम मुख्यत्वें लहान मेंदूचें आहे. त्यास इजा झाली, तेथें रक्तस्राव झाला, गांठ आली, अतिमद्यपानानें तो झिजला, ब-१२ सारख्या जीवनसत्त्वाच्या अभावीं पायांकडून येणारी संवेदना मंदावली, अथवा आईबापांकडून आलेल्या एखाद्या जनुकांत दोष असला, तर परिणाम पाहणाऱ्यास जवळजवळ सारखाच दिसतो: माणूस झोंकांड्या खातो. म्हणून अटॅक्सिया हें रोगाचें नांव आहे असें म्हणण्यापेक्षां तें लक्षणाचें नांव आहे असें म्हणणें अधिक बरोबर. ‘ताप’ या शब्दानें जसा रोग कळत नाहीं, तसाच तो या शब्दानेंहि कळत नाहीं.

पहिल्या कागदावरील खुणेचा अर्थ आतां स्पष्ट होईल. त्या वहीच्या दहाव्या आवृत्तींत, जी १९९० सालीं संमत झाली, ‘आर’ हें अक्षर ज्या लक्षणांचें कारण लागलेलें नाहीं अशा लक्षणांच्या प्रकरणाचें आहे. ‘आर-२७’ म्हणजे अवयवांच्या हालचालींत मेळ नाहीं. कां नाहीं, तें ठाऊक नाहीं. ‘जी’ हें मज्जासंस्थेच्या रोगांचें अक्षर, आणि ‘जी-११’ म्हणजे वंशपरंपरेनें आलेला अटॅक्सिया. पहिल्या खुणेंत माणूस कसा चालतो एवढेंच होतें. दुसरींत तो तसा कां चालतो हेंहि आलें. रामकुंडावरच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिल्या कागदास ‘कोण’ एवढेंच कळलें होतें, दुसऱ्यास ‘कोणाचा’ हें कळलें.

रोगांची मोजदाद करण्याची ही बुद्धि पश्चिमेकडूनच आली असें मात्र कोणी समजूं नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील विसाव्या अध्यायांत वाताचे ८०, पित्ताचे ४० व कफाचे २० विकार नांवनिशीवार सांगितले आहेत. कंप व लंगडेपणा हे त्या ८० मध्यें येतात. परंतु ग्रंथकार तेथेंच बजावतो कीं हे विकार वस्तुतः अगणित आहेत. येथें घेतले ते केवळ ठळक. यादी करणारानें यादीची मर्यादाहि लिहून ठेवावी, हा प्रामाणिकपणा पुढच्या अनेक यादीकारांनीं शिकण्यासारखा आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानें निदान या एकाच विषयावर ‘रोगविनिश्चय’ नांवाचा ग्रंथ लिहिला. तोच ‘माधवनिदान’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांतील रोगांचा क्रम इतका सोयीचा ठरला कीं चिकित्सेवर लिहिणाऱ्या पुढील ग्रंथकारांनीं आपले ग्रंथ त्याच क्रमानें लाविले.

या जुन्या वैद्यकांत चालीच्या एका विकाराचें नांव फार बोलकें आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांत ‘कलायखंज’ म्हणून एक विकार आला आहे. चालावयास आरंभ करितांनाच जो कांपतो, लंगडल्यासारखा जातो आणि ज्याचे सांधे सैल पडल्यासारखे असतात, तो कलायखंज. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचें कडधान्य. नांवाच्या उत्तरार्धांत लक्षण आणि पूर्वार्धांत, बहुधा, कारण. अर्वाचीन विद्वान् या वर्णनाचा संबंध लाखेची डाळ दीर्घकाळ खाल्ल्यानें होणाऱ्या पांगळेपणाशीं जोडतात, आणि तो संबंध ओढूनताणून आणिलेला वाटत नाहीं. इंग्रज अधिकारी स्लीमन यानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सागर जिल्ह्यांतील अशीच हकीकत दिली आहे. १८२९ पासून तीन वर्षें गारपीट, अवर्षण व रोग यांनीं गहूं बुडाला. तग धरून राहिली ती हीच डाळ. लोकांनीं तिच्यावर दिवस काढले, आणि धडधाकट तरुण माणसें कमरेखालीं लुळीं पडूं लागलीं. आपल्या विदर्भांत भंडारा, चंद्रपूर व गडचिरोलीकडे लाखोळीचें पीक पिढ्यान् पिढ्या घेतलें जात आलें आहे. १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली, आणि महाराष्ट्रापुरती ती २००८ सालीं उठविण्यांत आली. रोगाच्या नांवांत कारण घातलें कीं तें नांव शेतांत, बाजारांत व कायद्यांतहि जाऊन पोंचतें, हें या उदाहरणावरून दिसेल.

आतां पश्चिमेकडे वळूं. इंग्लंडांत जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाल्यावर १८३९ सालच्या पहिल्याच अहवालांत विल्यम फार या अधिकाऱ्यानें तक्रार केली कीं एकाच रोगास तीन-चार नांवें असतात, आणि एकाच नांवाखालीं तीन-चार रोग असतात. पदार्थविज्ञानास वजनें व मापें जितकीं आवश्यक, तितकीच या शास्त्रास निश्चित नामावळी आवश्यक आहे, असें त्याचें म्हणणें होतें. १८५३ सालीं ब्रसेल्स येथें भरलेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेनें सर्व देशांस चालेल अशी यादी करण्याचें काम फार व जिनीव्हाचा मार्क देस्पिन यांच्यावर सोंपविलें. दोघांनीं दोन निराळ्या याद्या आणिल्या. एकानें रोग कोणत्या अवयवाचा यावर भर दिला, तर दुसऱ्यानें रोगाचा स्वभाव कोणता यावर. परिषदेनें १८५५ सालीं दोन्हींत तडजोड करून १३९ रकान्यांची यादी पत्करली. शेवटीं पॅरिस शहराच्या संख्याशास्त्र-खात्याचा प्रमुख झाक बर्तियों यानें १८९३ सालीं शिकागो येथें जी यादी मांडली ती बहुतेकांस मानवली, आणि १९०० सालीं पॅरिस येथें २६ देशांच्या प्रतिनिधींनीं तिची पहिली सुधारलेली आवृत्ति संमत केली. आजची वही ही तिचीच वंशज आहे.

एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. ही यादी मुळांत मृत्यूच्या कारणांची होती, जिवंत माणसांच्या व्याधींची नव्हती. मनुष्य मेल्यावांचून त्या वहींत त्याचा प्रवेश होत नसे. जो तीस वर्षें झोंकांड्या खात जगला आणि शेवटीं न्युमोनियानें गेला, तो न्युमोनियाच्या रकान्यांत पडावयाचा. त्याचीं तीस वर्षें कोठेंच जमा होत नसत. १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सहावी आवृत्ति काढली, तेव्हां प्रथमच मृत्यूबरोबर व्याधींचीहि नोंद होऊं लागली. पाय हळूहळू निकामी करणाऱ्या पण चटकन् जीव न घेणाऱ्या रोगांच्या दृष्टीनें हा पालट फार मोठा होता.

आपल्या देशांतील स्थिति याहून कठीण होती. इंग्रजी अमदानींत खेड्यांतील मृत्यूंची नोंद गांवकामगारांकडे असे, आणि त्यांना दिलेले रकाने मोजके होते: पटकी, देवी, ताप, हगवण, पुढें प्लेग, श्वासाचे विकार, अपघात आणि ‘इतर कारणें’. बिचाऱ्या नोंद करणारास वैद्यकाचा गंध नसे. ज्याचें कांहीं कळलें नाहीं तो ‘तापा’नें मेला. लहान मेंदूच्या रोगाची काय कथा! शंभर वर्षांच्या त्या कोष्टकांत झोंकांड्या खाणारे आपले आजे-पणजे शोधूं गेल्यास ते ‘ताप’ आणि ‘इतर कारणें’ या दोन रकान्यांत कायमचे हरवलेले दिसतील. जन्ममृत्यु-नोंदणीचा १९६९ चा कायदा झाल्यावर डॉक्टरानें मृत्यूचें कारण ठराविक नमुन्यांत लिहून देण्याची व्यवस्था आली. तरी २०२० सालच्या अहवालाप्रमाणें नोंदलेल्या मृत्यूंपैकीं अवघ्या २२.५ टक्क्यांचेंच कारण वैद्यकीय दाखल्यानें प्रमाणित झालें होतें. बाकीच्यांचा ‘ताप’ अजून उतरलेला नाहीं असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

या वहीच्या आवृत्त्या एकापुढें एक ठेवून पाहिल्या म्हणजे एक चमत्कार दिसतो. पायांच्या व अंगाच्या अनावर हालचालींचे जे रोग एके काळीं शेजारीं शेजारीं बसत, ते आतां वहीच्या चार टोंकांस गेले आहेत. १८५८ सालीं फ्रेंच डॉक्टर द्युशेन यानें ज्या विकाराचें ‘चालीचा वाढता अटॅक्सिया’ असें वर्णन केलें, त्यास बर्तियोंच्या यादीच्या १९०९ सालच्या आवृत्तींत ६२ वा क्रमांक होता, आणि तो मज्जेच्या रोगांत मोडत असे. त्याचें मूळ उपदंशांत आहे हा वाद बरींच वर्षें चालून १९१३ च्या सुमारास प्रत्यक्ष जंतु सांपडल्यावर मिटला. आज तो ‘ए-५२’ या खुणेखालीं संसर्गजन्य रोगांत आहे. सिडनहॅम यानें १६८६ सालीं वर्णिलेला मुलांचा हातपाय नाचविणारा विकार संधिवाताच्या तापाशीं जोडलेला आहे, म्हणून तो ‘आय-०२’ होऊन हृदयरोगांच्या शेजारीं जाऊन बसला. वर सांगितलेला लाखेचा पांगळेपणा ‘टी-६२’ खालीं विषबाधेंत आहे. आणि हायडेलबर्गच्या फ्रीड्राइख यानें १८६३ पासून एकाच घरच्या भावंडांत पाहिलेला, कोवळ्या वयांत चाल घेणारा विकार ‘जी-११’ मध्यें राहिला. त्याचा सदोष जनुक १९९६ सालीं सांपडला.

हे रोग आपलीं घरें बदलीत गेले याचा अर्थ पूर्वींचे डॉक्टर अडाणी होते असा नाहीं. द्युशेनचें निरीक्षण आजहि तितकेंच खरें आहे. पण डोळ्यांनीं चाल दिसते, कारण दिसत नाहीं. आणि वर्गीकरणाची प्रत्येक खूण ही अखेर कारणासंबंधींचें एक मत असतें. मत बदललें कीं आंकडा बदलतो. ज्यांना हे आंकडे कोरडे व निर्जीव वाटतात त्यांनीं त्यांच्याकडे गेल्या दीडशें वर्षांच्या वादविवादाचे निकाल म्हणून पाहावें. ते फार सजीव वाटूं लागतील.

या इतिहासांत आपल्या प्रांताचा वांटा काय, असा प्रश्न वाचक विचारतील. तो वांटा लहान नाहीं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत व जे. जे. रुग्णालयांत काम केलेले मज्जारोगतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनीं डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ सालीं ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकांत नऊ कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली. या कुटुंबांत चालीचा तोल जाण्याचा विकार पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. पण वाडियांच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट आली. निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर विजेसारखी उडी मारते. या रोग्यांची नजर मात्र सावकाश सरकत जाई. हा वंशागत अटॅक्सियाचा निराळाच प्रकार आहे असें त्यांनीं प्रतिपादन केलें. त्या वेळीं जनुक तपासण्याची सोय नव्हती. त्यांचीं साधनें म्हणजे रोग्याकडे लक्षपूर्वक पाहणें आणि त्याच्या आप्तांची चौकशी करून वंशवृक्ष काढणें, एवढींच. पुढें १९९६ सालीं या प्रकाराचा जनुक सांपडला, आणि १९९८ सालीं वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा भारतीय घराण्यांचा जनुकासह अभ्यास प्रसिद्ध करून नजरेच्या त्या मंदपणाचें निदानांतील महत्त्व दाखविलें. शास्त्रांत तो प्रकार आज दुसऱ्या क्रमांकाचा अटॅक्सिया म्हणून ओळखला जातो. डॉ. वाडियांस २०१२ सालीं पद्मभूषण मिळालें. २०१६ सालीं ते निवर्तले.

पण येथेंच वहीची उणीवहि दिसते. १९७१ सालीं मुंबईंत निराळा म्हणून ओळखलेला हा प्रकार १९९० च्या आवृत्तींत स्वतंत्र आंकडा मिळवूं शकला नाहीं. ‘जी-११’ च्या मोटेंत तो इतर अनेकांबरोबर बांधला गेला. फ्रीड्राइखच्या विकारासहि त्या आवृत्तींत एकट्याचा आंकडा नाहीं; अमेरिकेनें आपल्यापुरती जी विस्तृत प्रत केली आहे तिच्यांत तो २०२० च्या ऑक्टोबरांत दिला गेला. हें केवळ कारकुनी कामाचें दुःख नव्हे. २०२३ सालीं अमेरिकेंत फ्रीड्राइखच्या विकारावरील पहिल्या औषधास मान्यता मिळाली. एखाद्या प्रांतांत असे रोगी किती, कोणत्या वयाचे, कोणत्या जिल्ह्यांत, हें सांगतां आलें नाहीं तर तें औषध मागावें तरी कोणासाठीं व किती? आणि सारेच रोगी ‘आर-२७’ मध्यें पडले असले तर मोजणारास उपदंशाचा, मद्याचा, जीवनसत्त्वाच्या अभावाचा व वंशाचा, सर्वांचाच एक ढीग दिसणार. त्यांतील कांहीं जण वेळेवर उपचार मिळाले असते तर नीट चालूं शकले असते, हें त्या ढिगांतून कधींच कळणार नाहीं. कागदावर खूण घालणारा कारकून स्वतःच्या मनानें कारण लिहूं शकत नाहीं. डॉक्टरानें ‘तोल जातो’ एवढेंच लिहिलें तर त्यानें ‘आर’ च लिहिला पाहिजे. ‘आर’ ही खूण लिहिण्यांत गुन्हा नाहीं. ती प्रामाणिक अज्ञानाची कबुली आहे. दोष आहे तो ती खूण कायमची तशीच राहूं देण्यांत.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, कारण तिचा अनुभव आम्हीं जवळून घेतला. आमच्या विद्यार्थ्यास तपासणाऱ्या तज्ज्ञानें त्याच्या घराण्याची माहिती मागितली. वडिलांस आपल्या बापाचे भाऊ किती व ते कोठें गेले हें नीट ठाऊक नव्हतें. आजी एवढेंच म्हणे कीं, “आमच्या घरांत पायाचें हें असंच चालत आलंय.” शेवटीं वडील रामकुंडावर गेले आणि तीर्थोपाध्यायांच्या वहींतून चुलत घराण्यांचीं नांवें व गांवें उतरून घेऊन आले. त्या नांवांवरून माणसें शोधलीं. दोन घरीं तीच चाल निघाली. वहींत रोगाचा एक शब्दहि नव्हता, पण तिच्यावांचून तो वंशवृक्ष पुरा झाला नसता. त्यानंतर रक्ताची तपासणी झाली आणि ‘आर’ चा ‘जी’ झाला.

त्या बदलानें मुलास समाधान वाटलें. तो आम्हांस म्हणाला, “सर, आतां निदान मी प्यायलेला नाहीं हें कागदावर आलं.” पण त्याला एक धाकटी बहीण आहे, आणि घरांत तिच्या लग्नाचें बोलणें चाललें होतें. त्याचा विकार ज्या प्रकारचा निघाला त्यांत आईबापांपैकीं एकाकडून दोष आला कीं प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. ‘जी-११’ या खुणेच्या अर्थांतच ‘वंशागत’ हा शब्द आहे. म्हणजे भावाच्या कागदावर जें लिहिलें तें न विचारतां बहिणीविषयींहि कांहीं सांगून जातें. लक्षणाचा आंकडा एका माणसाचा असतो. कारणाचा आंकडा कित्येकदां सगळ्या घराचा होतो. आईनें तो कागद कपाटांत खालीं ठेवला, त्याबद्दल आम्ही तिला दोष देऊं शकलों नाहीं.

हें भय अगदींच निराधार नाहीं. जनुकाच्या दोषाचें कारण सांगून विमा नाकारण्याचा प्रश्न आपल्याकडेहि न्यायालयापर्यंत गेला आहे. अशा सरसकट नकारास दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१८ सालीं पक्षपाताचें ठरविलें, ही गोष्ट दिलासा देणारी आहे. २०१६ च्या दिव्यांग-हक्क कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत कंपवाताचें, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाचें, नांव स्वतंत्रपणें आलें. अटॅक्सियाचें तसें आलें नाहीं, तो ‘दीर्घकालीन मज्जाविकार’ या व्यापक शब्दांत शोधावा लागतो. तेव्हां ज्यास सवलत व आधार मागावयाचा आहे त्यास आपल्या रोगाचें नेमकें नांव कागदावर असणें अगत्याचें, आणि ज्यास संसार मांडावयाचा आहे त्यास तेंच नांव उघड्यावर येणें अवघड. यावर उपाय नांव पुसून टाकणें हा नव्हे. कागद कोणीं पाहावा याचा निर्बंध कडक असावा, आणि बहिणीनें आपली तपासणी करवावी कीं नाहीं हें तिचें तिनेंच ठरवावें, एवढें तरी आपल्या शहाण्या कुटुंबांनीं मान्य केलें पाहिजे. त्या मुलीनें काय ठरविलें हें आम्ही विचारिलें नाहीं, आणि येथें सांगणारहि नाहीं.

वहीची अकरावी आवृत्ति २०१९ सालीं संमत होऊन २०२२ च्या आरंभापासून अमलांत आली आहे. तिच्यांत हालचालीच्या विकारांचा एक सलग गट केला असून अटॅक्सियाच्या विकारांस त्यांत ‘८ए०३’ ही खूण मिळाली आहे. २०२४ च्या जानेवारींत आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींतील व्याधींच्या नांवांनाहि त्या आवृत्तीच्या पूरक भागांत खुणा देण्यांत आल्या. चरकाची व माधवाची नामावळी आणि फार-बर्तियोंची नामावळी अशा रीतीनें एका वहींत आल्या. ही गोष्ट नाशिककरांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे, कारण ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठांत अॅलोपथी, आयुर्वेद, युनानी व होमिओपथी या सर्वांचे विद्यार्थी एका छत्राखालीं परीक्षा देतात तें १९९८ सालीं याच शहरीं स्थापन झालें. मात्र दोन नांवें एका वहींत आलीं म्हणून तीं एकाच अर्थाचीं झालीं असें नव्हे. कंपवात व पार्किन्सनचा रोग, कलायखंज व लाखेचा पांगळेपणा, या जोड्या जवळच्या आहेत. पण एक नांव वाताच्या कल्पनेवर उभें आहे, तर दुसरें मेंदूच्या पेशींवर. दोघांची बेरीज करण्यापूर्वीं दोन्हीं बाजूंच्या जाणकारांनीं एकाच रोग्याकडे एकत्र बसून पाहावें लागेल. तसें काम नाशकांत व्हावें ही आमची इच्छा आहे.

आमचा विद्यार्थी आतां चाकांच्या खुर्चीवरून हिंडतो, आणि घरीं बसून मुलांना गणित शिकवितो. त्याच्या रोगावर अजून औषध नाहीं. गेल्या वर्षीं आजी गेली, तेव्हां अस्थि घेऊन तो वडिलांबरोबर रामकुंडावर आला होता. वही सोडली गेली, आजीची नोंद झाली. मग उपाध्यायांनीं रिवाजाप्रमाणें नातवंडांचीं नांवें विचारलीं. वडिलांनीं मुलाचें सांगितलें व ते क्षणभर थांबले. तेव्हां खुर्चीवरून त्यानेंच आपल्या बहिणीचें नांव सांगितलें आणि तें नीट लिहून घ्या म्हणून बजावलें. आम्ही जवळच उभे होतों. उपाध्यायांनीं दोन्ही नांवें एकाखालीं एक लिहिलीं, शाई वाळूं दिली, आणि वही बांधून ठेवली.